मलेरिया आणि आपलं गाव: खान्देशात काम करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आशाताई, आरोग्यसेवक, शाळेतले सर-मॅडम, ग्रामपंचायतीचे मेंबर, गणेश मंडळातली पोरं, असे सगळे हे प्रश्न विचारतात म्हणून एका जागी लिहून ठेवलंय. डॉक्टरकीचं पुस्तक नाहीये हे. औषधाचा डोस ज्याचा त्याने आरोग्य केंद्रातूनच घ्यायचा, इथे मुख्य विषय हा की लोकांना पटवायचं कसं आणि ते का पटत नाही.

मलेरिया आता राहिलाय का कुठे? सगळीकडे तर डेंग्यूच ऐकू येतो.

राहिलाय. कमी झालाय हे खरं, पण कमी झाला म्हणजे गेला असं समजून आपण एकदा चांगलंच तोंडघशी पडलोय. १९४७ च्या सुमारास देशात वर्षाला साधारण साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख माणसं जायची. १९५३ ला कार्यक्रम सुरू झाला, घरोघर डीडीटी मारली, साठच्या दशकात आकडा लाखावर आला आणि सगळे निवांत झाले. मग १९७६ ला परत ६४ लाख केसेस. आता सरकारचं टार्गेट असं आहे की २०२७ पर्यंत देशात स्थानिक केस शून्य आणि २०३० पर्यंत मलेरिया संपवायचा. आकडा खाली आला की सगळ्यात आधी गावाचं लक्ष उडतं आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, चोपडा, यावल, रावेरचे वरचे पाडे, तिथे पाऊस उघडला की डबकी आणि डास दोन्ही तयारच असतात.

गावात गटारी साफ करून घेतल्या, पावडर मारली. आता मलेरिया होणार नाही ना?

गटारी साफ करणं चांगलंच आहे पण मलेरियाशी त्याचा फार संबंध नाही. गटारीच्या घाण पाण्यात होतो तो क्युलेक्स जातीचा डास, तो रात्री कानाशी गुणगुणतो आणि हत्तीरोग पसरवतो. मलेरियाचा ॲनोफिलिस बहुतेक स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, म्हणजे ओढ्यातली पाऊस गेल्यावर राहिलेली डबकी, पाटाच्या कडेला पाझरलेलं पाणी, गुरांचा हौद, न वापरातली विहीर, बांधकामाची टाकी. शहरात गच्चीवरची उघडी टाकी आणि कूलर. ग्रामसभेत हे सांगितलं की पहिले पाच मिनिटं कोणी मान्यच करत नाही, कारण चाळीस वर्षं 'घाण तिथे मलेरिया' हेच ऐकलंय. मग एका वाटीत हौदातलं पाणी आणायचं आणि उजेडात धरायचं. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली बारीक अळी दिसली तर ती ॲनोफिलिसची, डोकं खाली करून लटकणारी असेल तर दुसऱ्या जातीची. लोक वाटी हातोहात फिरवतात आणि मग भाषणाची गरजच पडत नाही.

कोरडा दिवस पाळा, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करा म्हणून सांगतो, पण बाया ऐकत नाहीत.

कशा ऐकतील? ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, उन्हाळ्यात तर आठ-दहा दिवसांनी, तिथे तुम्ही भरलेलं पिंप उलटं करायला सांगताय, तुमच्या घरात कराल का? पाणी फेकू नका असंच सुरुवातीला सांगायचं. नळाचा दिवस ठरलेला असतो, त्याच्या आदल्या दिवशी जे तळाशी उरलंय ते गुरांना, झाडाला, मोरीत वापरून टाकायचं, भांडं घासून पुसायचं आणि नवीन पाणी भरलं की जुन्या सुती साडीचा तुकडा दोरीने घट्ट बांधायचा. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात त्यामुळे आठवड्यातून एकदा जरी हे झालं तरी साखळी तुटते. घासणं जास्त करून डेंग्यूसाठी आहे, त्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, ॲनोफिलिसची पाण्यावर तरंगतात. पण एका कामात दोन्ही होतात तर करूनच टाकायचं.

कोरडा दिवस बुधवार की शुक्रवार हे जिल्ह्याच्या कागदावरून ठरवू नका, पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारून ठरवा.

मच्छरदाण्या वाटल्या पण वापरतच नाहीत लोक. काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो की फुकट देऊनही वापरत नाहीत. आधी त्या घरात रात्री जाऊन बघा की माणसं झोपतात कुठे. वैशाखात खान्देशात घरात झोपणं म्हणजे शिक्षाच, पारा ४५ च्या आसपास, अख्खं घर अंगणात नाहीतर धाब्यावर, बाजा टाकलेल्या, आणि मच्छरदाणीला वर बांधायला खिळा कुठे आहे? आकाशाला बांधणार का. मग ती गुंडाळून आत. आणि आतमध्ये एकदा गेली की पेटीतच जाते.

एका पाड्यावर आजीबाईंनी पेटी उघडून दाखवली, दोन्ही मच्छरदाण्या पॅकिंगसकट, वरती लुगडं घडी करून ठेवलेलं. म्हणाल्या पाव्हणे आले तर काढते. नवी कोरी वस्तू रोजच्याला काढायची नाही हा हिशोब तिच्या जागी बरोबरच होता. तिच्या नातवाने बाजेच्या चार पायांना चार बांबू बांधून दिले, वरून सुतळी फिरवली आणि त्याच्यावर मच्छरदाणी टाकली तेव्हा ती वापरात आली. त्यामुळे आमचं म्हणणं असं की मच्छरदाणी वाटायला जाल तर सोबत खिळे, सुतळी आणि बांबू बांधून दाखवणारा एक माणूस न्या. सही घेऊन हातात पाकीट देऊन आलात तर निम्मं काम राहिलं समजा.

बाकी नेहमीच्या तक्रारी: पहिल्या एक-दोन रात्री तोंडाला चुरचुरतं. औषध लावलेली मच्छरदाणी असते ती, वापरायच्या आधी एक दिवस सावलीत मोकळी टांगून ठेवली की चुरचुर कमी होते. धुवायची तर साध्या साबणाने, थंड पाण्यात, दगडावर आपटायची नाही, उन्हात वाळवायची नाही. साधारण तीन वर्षं आणि वीस धुण्यांपर्यंत औषध टिकतं, दर आठवड्याला धुतली तर सहा महिन्यात संपलं. चुलीच्या धुराने काळी पडते म्हणून बाया धूत राहतात, त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि घरात एकच असेल तर कोणाला? गरोदर बाई आणि पाच वर्षाच्या आतलं लेकरू. प्रत्यक्षात ती घरातल्या कर्त्या माणसाच्या खाटेवर असते. हे सुनेला सांगून उपयोग नाही, सासूला सांगा, आणि सासऱ्यासमोर सांगा.

काही जण मच्छरदाणीने मासे धरतात, मिरचीवर टाकतात. ओरडायचं का?

ओरडून ते लपवतील एवढंच होईल. नंदुरबारकडे मिरची वाळत घातली की कोंबड्या येतात, मग हाताशी जी जाळी आहे ती टाकली जाते, त्यात गुन्हा काय. पण त्या जाळीला कीटकनाशक आहे, खायच्या वस्तूवर नको आणि नदीत तर अजिबात नको, त्या औषधाने मासे मरतात हे कोळी बांधवांना एका वाक्यात कळतं कारण पोट त्याच्यावर आहे. फाटून बाद झालेली असेल तर तीसुद्धा या कामांना लावू नका, नवीन मागा.

आम्ही रात्री केळीला पाणी द्यायला जातो. मच्छरदाणी घेऊन मोटर चालू करायची का?

टोमणा आवडला, पण मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. रावेर-यावल-चोपड्यात केळी, बाकीकडे कापूस आणि हिवाळ्यात गहू-हरभरा, आणि लाईट कधी येणार तर रात्री अकराला. ॲनोफिलिस चावतो संध्याकाळ ते पहाट. म्हणजे ज्या वेळी आपण लोकांना मच्छरदाणीत झोपा म्हणतो त्याच वेळी घरातला कमावता माणूस चिखलात उघड्या पायाने उभा असतो. आरोग्यवाल्यांच्या पोस्टरवर हा माणूस कधीच दिसत नाही, तिथे आई-बाप-दोन लेकरं मस्त झोपलेली असतात.

मग काय करायचं: पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट, डोक्याला उपरणं. उघड्या अंगाला डास पळवणारं क्रीम, तेही तीन-चार तासाने परत लावावं लागतं. मळ्यातल्या खोलीत किंवा मचाणावर दोन तास आडवं व्हायचं असेल तर तिथली मच्छरदाणी वेगळी, घरची उचलून नेली तर घरचे उघडे. सालदार आणि मध्य प्रदेशातून आलेली मजूर कुटुंबं मळ्यातच राहतात, गावाच्या यादीत त्यांचं नाव नसतं म्हणून त्यांना मच्छरदाणीही मिळत नाही आणि फवारणीही. मळेवाल्याने आशाताईला फोन करून सांगायला पाहिजे की माझ्याकडे इतकी माणसं आहेत. आणि हे सगळं करून चावायचं ते चावणारच, त्यामुळे रात्रपाळीच्या माणसाला खरं जपायचं ते पुढच्या मुद्द्याने, ताप आला की त्याच दिवशी रक्त.

ताप आल्यावर रक्त तपासा म्हणतो, लोक आधी बाटली लावून येतात.

कारण बाटली लावली की सायंकाळी बरं वाटतं! सलाईन आणि एक सुई, ताप उतरतो, माणूस दुसऱ्या दिवशी रोजावर. पण जंतू रक्तात तसाच. आणि मलेरियाचा ताप तसाही उतरतो, एक दिवस आड येतो, म्हणून 'डॉक्टरचा गुण आला' असं वाटतं. इकडे फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा जास्त घातक जंतू असेल तर दोन-तीन दिवसात मेंदूवर जाऊ शकतो. तोपर्यंत हजार-दीड हजार रुपये गेलेले असतात आणि आरोग्य केंद्रातली तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट होत्या.

लोकांना 'सरकारी दवाखान्यात जा' म्हणून चालत नाही, कारण जायचं म्हणजे रोज बुडतो, वडापची जीप धरा, आणि तिथे गेल्यावर साहेब आहेत का नाही. आशाताईकडे मलेरिया तपासायची किट असते हे निम्म्या गावाला माहीतच नसतं. बोटाला सुई, एक थेंब, पंधरा-वीस मिनिटं. आठवडे बाजारात एका झाडाखाली टेबल टाकून बसलो होतो तेव्हा एक बाई भाजी विकता विकता बोट पुढे करून गेली, मेथीच्या चार जुड्या विकेपर्यंत किटवर दोन रेषा आल्या होत्या, गोळ्या तिथेच दिल्या आणि पहिला डोस समोर पाण्याने घ्यायला लावला. तिने दवाखान्याची पायरी चढायला अजून चार दिवस लावले असते.

किट निगेटिव्ह आली पण ताप आहे. मग?

मग मलेरिया नाही असं लगेच समजू नका. काचेवरची स्लाइड पण पाठवा आणि ताप राहिला तर परत तपासा. डेंग्यू, टायफॉइड, काहीही असू शकतं. किट मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका, उष्णतेने खराब होते, माठाजवळ गार जागी ठेवायची. आणि उलटंही होतं, उपचार पूर्ण झाल्यावर दोन-तीन आठवडे फाल्सिपॅरमची किट पॉझिटिव्हच दाखवू शकते, त्यावरून परत गोळ्या सुरू करायच्या नाहीत, स्लाइड बघून डॉक्टर ठरवतील.

बरं वाटलं की गोळ्या बंद करतात. १४ दिवस कोण खाणार?

"बरं वाटनं ना, मंग आते कसाले गोया?" हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय. व्हायवॅक्सला, म्हणजे मलेरियाच्या दुसऱ्या जंतूला, तीन दिवस क्लोरोक्विन आणि १४ दिवस प्रायमाक्विन अशी पद्धत आहे. तीन दिवसात ताप जातो, पण या जंतूची एक पिढी लिव्हरमध्ये लपून बसते आणि काही आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी परत उठते. डास चावलाही नाही तरी. लिव्हरमधल्यासाठी ती १४ दिवसांची गोळी आहे. शेतकऱ्याला हे तणाच्या भाषेत पटकन कळतं, वरून कापलं आणि मूळ राहिलं तर दुसऱ्या पावसात परत तेच. फाल्सिपॅरमचा कोर्स वेगळा आहे, तीन दिवसांची एसीटी, म्हणजे आर्टेमिसिनिनसोबत दुसरं औषध असलेल्या गोळ्यांची पट्टी, वयाप्रमाणे वेगळी, आणि प्रायमाक्विनचा एकच डोस.

चौदा दिवस पाळायला काय चालतं? कॅलेंडरवर रोज फुली, पण ती फुली मारायचं काम घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीला द्यायचं, ती बापाला सोडत नाही. गोळी जेवणानंतर, उपाशीपोटी मळमळतं आणि तिथूनच गोळी सुटते. अर्ध्या तासात उलटी झाली तर आशाताईला सांगून तो डोस परत घ्यायचा. लघवी काळपट-लाल झाली, डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून ताबडतोब दवाखाना, काहींच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं एक द्रव्य कमी असतं, त्यांना प्रायमाक्विन बाधते.

गरोदर बाई, तान्हं बाळ, सिकलसेलवाले यांचं काय?

गरोदर बाईला आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन द्यायची नाही. हे आशाताईला पाठ असतं, पण घरचे 'मागच्या वेळच्या उरलेल्या' गोळ्या देतात म्हणून इथे लिहिलं. गरोदरपणात मलेरिया झाला तर रक्त कमी होतं, मूल कमी वजनाचं होतं, थांबायचं नाही.

नंदुरबार-धुळ्याकडे भिल्ल, पावरा, मावची समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आहे आणि गावात एक समज पसरलेला असतो की सिकलसेलवाल्याला मलेरिया होत नाही. अर्धवट ऐकलेलं आहे ते. जो फक्त वाहक आहे त्याला फाल्सिपॅरमचा गंभीर आजार होण्यापासून थोडं संरक्षण असतं, पण ज्याला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे त्याला मलेरिया झाला तर उलट जीवावर बेततं. तपासणीला जाताना सिकलसेलचं कार्ड सोबत न्यायचं.

झटके आले, बेशुद्ध पडला तर?

१०८. झटके, शुद्ध हरपणं, सारखी उलटी, पाणीही न पिणं, धाप, पिवळे डोळे, काळी लघवी, यातलं एकही दिसलं तर किटची वाट बघत बसायचं नाही. नर्मदेकाठच्या पाड्यांवर गाडी पोहोचत नाही, तिथे बोट किंवा बांबूची झोळी कोणाची आणि उचलणारे कोण हे पावसाच्या आधीच ठरवून ठेवा.

लोक आधी भगताकडे जातात. त्याला विरोध करायचा का?

नाही. तुम्ही गावात वर्षभरापूर्वी आलात, बडवा, म्हणजे इकडचा भगत, तीन पिढ्यांपासून आहे. रात्री दोनला पोराला झटके आले तर दार वाजवायला त्याचंच घर जवळ असतं. त्याच्याकडे जाऊन बसा, चहा घ्या, सांगा की तुमचा विधी तुम्ही करा पण थंडी वाजून ताप असेल तर आधी आशाताईला बोलवा, गोळी आणि दोरा दोन्ही चालतील. बरेच जण तयार होतात, कारण पेशंट हातात दगावला तर त्यांचंही नाव जातं.

फवारणीवाल्यांना घरात घेत नाहीत.

देवघर, धान्याच्या कोठ्या, भिंतीवर डाग, वास, आणि मुख्य म्हणजे दुपारी घरात बाई एकटी असताना चार परके पुरुष दारात. ही शेवटची गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही. टीमसोबत आशाताई किंवा बचतगटातली कोणी असली की दार उघडतं. आदल्या दिवशी दवंडी द्या नाहीतर मंदिराच्या भोंग्यावर सांगा, भांडी-अन्न बाहेर काढायला वेळ मिळतो.

फवारणी झाल्यावर दोन-अडीच महिने भिंत सारवायची नाही, चुना मारायचा नाही, कारण डास चावून भिंतीवर बसतो आणि तिथेच मरतो. दुसरी फेरी उशिरा झाली की पुढे दिवाळी येते आणि बाया सारवतातच, त्यामुळे फेरीची तारीख ठरवतानाच हिवताप ऑफिसशी बोलून घ्या. जिथे गुरं-बकऱ्या घरातच बांधतात तिथे ती बाजूही फवारून घ्यायची, हा डास गुरांवरही बसतो. फवारणीने ढेकूण मेले नाहीत म्हणून 'औषधात पाणी होतं' अशी बोंब होते, ढेकणांसाठी ती नाहीच हे आधीच सांगून टाका.

कडुलिंबाचा धूर, पपईच्या पानाचा रस, लसूण?

धुराने डास थोडा वेळ लांब जातात आणि लेकरं खोकतात. पपई-लसणाने मलेरिया बरा होत नाही.

गप्पी मासे?

चांगले, डासांच्या अळ्या खातात. हौद, विहीर, शेततळं, जिथे पाणी कायम राहतं तिथे सोडा. पिण्याच्या माठात नाही.

लस आली म्हणतात?

आली आहे. आर-२१ नावाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये तिची शिफारस केली, पण ती जास्त करून आफ्रिकेतल्या जोरदार मलेरिया असलेल्या देशातल्या लहान मुलांसाठी वापरली जातेय. आपल्याकडच्या सरकारी लसीकरणात नाही. 'लस येणारच आहे' म्हणून मच्छरदाणी काढून ठेवू नका.

ऊसतोडीला, सुरत-बारडोलीकडे गेलेल्यांना कसं गाठायचं?

ते गावात असतात तेव्हा. पाऊस संपला, दिवाळी झाली की गाड्या भरून जातात आणि होळीला परत येतात, होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला तर झाडून सगळे. कानबाईच्या सणाला श्रावणात सुरत-नाशिकची मंडळी येतात. तपासणीचं टेबल तेव्हा लावा. जाताना मुकादमाच्या हातात नाही, प्रत्येक कोयत्याच्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याच्या घरात मच्छरदाणी द्या आणि गोळ्या अर्धवट असतील तर उरलेल्या मोजून सोबत. परत आल्यावर पहिल्या महिन्यात ताप आला तर 'मी बाहेरगावाहून आलोय' हे सांगायला लावा.

कोणत्या भाषेत सांगायचं?

धडगावला पावरी, नवापूरला मावची, तळोदा-शहाद्याला भिली, गुजरी, इकडे धुळे-जळगावला अहिराणी, यावल-रावेरला लेवा बोली. प्रमाण मराठीतलं माहितीपत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर छान दिसतं. पण व्हॉट्सॲपवर गावातल्याच बाईच्या आवाजात "ताप उना का रक्त तपासी ल्या" अशी अर्ध्या मिनिटाची क्लिप गेली की ती फॉरवर्ड होत राहते. आवाज ओळखीचा पाहिजे, बाहेरून रेकॉर्ड करून आणलेला नको.

खर्च कुठून करायचा?

सुतळी, खिळे, हौदाची झाकणं, गप्पी आणायचं भाडं, एवढाच खर्च आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला अबंधित निधी येतो, त्याच्यातून होतो. पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांना वेगळा पाच टक्के अबंध निधी असतो, ग्रामसभेत ठराव घ्या. ठराव जूनच्या आधी, जून तसाही हिवताप प्रतिरोध महिना असतो.

लोकांना सवय लागली हे कसं कळणार?

'मच्छरदाणी वापरता का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'काल रात्री मच्छरदाणीत कोण कोण झोपलं' असं विचारा, नावं सांगावी लागतात आणि सांगताना माणूस अडखळतो. शक्य असेल तर पहाटे पाचला, बाया पाण्याला निघायच्या आत, ओळखीच्या माणसासोबत गल्लीतून एक चक्कर मारा आणि बांधलेल्या मोजा. दुसरं, आशाताईच्या रजिस्टरमध्ये ताप कधी आला आणि रक्त कधी घेतलं या दोन तारखा बघा. पहिल्या वर्षी मधे पाच-सहा दिवस दिसतील. ते अंतर एक-दोन दिवसावर आलं तर तुमचं काम चाललंय. केसेस वाढलेल्या दिसल्या तरी घाबरू नका, तपासणी वाढली की सुरुवातीला आकडा वाढतोच, वरच्या साहेबांना हे आधीच लेखी कळवून ठेवा म्हणजे आशाताईला बोलणी बसत नाहीत.